दहापैकी दोन

माझ्या पाठीचं ऑपरेशन विमा कंपनीनं नाकारलं आणि त्याला कारण मीच, असं माझ्या बायकोचं, लव्हॉनचं, म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. सदतीस वर्षं मी मिनेसोटातल्या आमच्या गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर बसलो. मक्याचा ट्रक काट्यावर चढला की आकडा सांगायचा, आणि तो पौंडानंही इकडेतिकडे व्हायचा नाही. अशा माणसाला डॉक्टर विचारतात, "ऑर्लिन, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" आता तो काय तोंडाला येईल तो आकडा फेकणार?

मी रीतसर विचार केला. काट्याची दोन्ही टोकं आधी पक्की लागतात. शून्य सगळ्यांचं सारखंच असतं. प्रश्न दहाचा. तर आमच्या घराण्यात दहा म्हणजे सेल्मरकाका. काकांचा डावा हात मका तोडायच्या यंत्रात गेला, त्या दिवशी ते शेतातून पाऊण मैल चालत घरी आले, दारात बूट काढले (काकूनं नुकतीच फरशी पुसली होती) आणि म्हणाले, "आज जरा लवकर थांबावं म्हणतो." हा झाला दहा. आता माझं बघा. चार मिनिटं उभा राहिलो की दोन्ही पायांत शिसं ओतल्यासारखं होतं, मग ते बधिर होतात, मग कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतं. हे सगळं सेल्मरकाकांशेजारी ठेवून तोललं तर दीड भरलं. पण डॉक्टर मोराविट्झ शहरातले, स्वभावानं भले. एवढं शिकून आलेत तर त्यांचा हिरमोड नको, म्हणून मी अर्धा वाढवून सांगितला. दोन.

त्यांनी तो लिहून घेतला. मग भिंतीवर माझ्या पाठीचा फोटो लावून दाखवला. कमरेपाशी कण्यातून नसा जातात ती वाट वयानुसार अरुंद झाली होती. हाड वाढतं, आतला पडदा जाड होतो, नसा चेंगरतात. पुढं वाकलं की वाट जरा मोकळी होते, म्हणून मी गेली सहा-सात वर्षं हळूहळू वाकत चाललो होतो. उपाय काय, तर मागचं थोडं हाड कोरून काढायचं.

"आधी फिजिओथेरपी, मग विमा कंपनीची परवानगी, मग ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "घाई नाही ना?"

"नाही नाही," मी म्हणालो.

घाई होती. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या चर्चचं लुटफिस्कचं जेवण असतं. सुकवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवायचा, मग उकळायचा. तो लदलद हलायला लागला पण फुटला नाही, असा एकच क्षण असतो, आणि तो क्षण ओळखणारा माणूस एकोणतीस वर्षं मी आहे. त्यासाठी हंड्यापाशी सहा तास उभं राहावं लागतं. एकोणतीस वर्षांत एक तक्रार नाही. जेवण झाल्यावर मी दरवर्षी विचारतो, "मासा कसा झाला होता?" आणि अख्खं गाव म्हणतं, "वाईट नव्हता." मिनेसोटात याच्या वरचं प्रशस्तिपत्र छापतच नाहीत.

पण गेल्या वर्षी दुसऱ्या पंगतीला माझे पाय गेले. मी पालथ्या बादलीवर बसलो आणि झारा व्हर्लिन ब्रेक्केनं घेतला. "तात्पुरता," म्हणाला. व्हर्लिनचं बियाण्यांचं दुकान आहे. माणूस चांगला, चर्चमध्ये खर्जात गातो, पण चौदा वर्षं तो त्या झाऱ्याकडे कसा बघतो ते मी बघतोय. जूनमध्ये चर्चच्या मंडळानं मला कळवलं, "ऑर्लिन, तुझ्या पाठीला त्रास होत असेल तर यंदा उगाच ओढाताण नको." इतर ठिकाणी याला काळजी म्हणतात. आमच्याकडे ही हकालपट्टीची नोटीस असते. यंदा मला तिसावं वर्ष पुरं करायचं होतं. उभं राहून.

ऑपरेशनची बातमी फुटली आणि गाव सल्ले घेऊन आलं. काट्यावरची एक जुनी वही शिल्लक होती, तीत मी नोंद ठेवली. जुलैअखेर सल्ला देणारे एकोणीस. त्यांतले स्वतःच्या पाठीवरून बोलणारे चार, मेव्हण्याच्या पाठीवरून सात, गाईच्या पाठीवरून एक (जनावरांचा निवृत्त डॉक्टर, त्याचंच सगळ्यांत मुद्देसूद होतं), उरलेले निव्वळ प्रतिभेच्या जोरावर. कुणी म्हणालं, कोठाराचं जुनं दार काढून त्यावर झोप. कुणी म्हणालं, झाडाला उलटा लटक. घोड्याला चोळायचं तेल मी लावून पाहिलं. पाठीला काही झालं नाही, पण त्या रविवारी लव्हॉननं चर्चला जाताना मला गाडीत मागच्या बाजूला बसवलं आणि चारही काचा खाली केल्या.

उपाय शेवटी माझा मलाच सापडला, तोही किराण्याच्या मोठ्या दुकानात. ट्रॉलीच्या दांडीवर कोपर टेकून, पुढं वाकून चाललं की दुखणं गायब! मी रोज सकाळी तिथे जायला लागलो. पंचेचाळीस मिनिटं, शेवयांच्या रांगेतून साबणांच्या रांगेत, तिथून परत शेवया. फुकट चालणं बरं दिसत नाही म्हणून जाताना एक लिंबू घ्यायचं. महिनाभरात घरात सव्वीस लिंबं झाली, आणि गावात ऑर्लिन आणि लव्हॉनचं काहीतरी बिनसलंय अशी कुजबुज. मला कुणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. फक्त शेवयांपाशी भेटणारे लोक माझ्या दंडावर हात ठेवून जरा जास्त वेळ उभे राहायला लागले.

फिजिओथेरपीही झाली. सहा आठवडे एक तरतरीत मुलगी मला जमिनीवर झोपवून गुडघे छातीशी घ्यायला लावायची आणि शेवटी विचारायची, "कसं वाटतंय?" ती एवढी मेहनत घेते, तिला काय सांगायचं? मी म्हणायचो, "छान."

परवानगी यायच्या आधीच ऑपरेशनला बारा ऑगस्ट ही तारीख मिळाली. लव्हॉननं ती चर्चच्या रविवारच्या पत्रकात दिली, आणि आर्डिस कामाला लागली. चर्चच्या बायकांची आर्डिस ही सेनापती. गावात कुणाचं ऑपरेशन, बाळंतपण किंवा मयत असो, त्या घरी कोणत्या वारी कुणाचं हॉटडिश जायचं याचा तक्ता तिच्या हातात. हॉटडिश म्हणजे खिमा, घेवडा, दाट सूप आणि वर बटाट्याचा कुरकुरीत थर, असं सगळं एका काचेच्या भांड्यात भाजलेलं; भांड्याच्या बुडाला पट्टीवर मालकिणीचं नाव. पण बाराच्या आठवड्यात नेमकी जिल्ह्याची जत्रा आली. म्हणून आर्डिसनं सगळा तक्ता आठ दिवस अलीकडे ओढला. "आधी खाल्लं तर अंगात ताकद येईल," म्हणाली.

सहा भांडी आली. चार आम्ही संपवली. पाचव्यात चमचा घातला आणि टपालानं पत्र आलं.

कंपनीनं लिहिलं होतं: दुखण्याची पातळी दोन. सलग चालण्याची क्षमता पंचेचाळीस मिनिटं. फिजिओथेरपीचा परिणाम छान. सबब शस्त्रक्रियेची आवश्यकता दिसत नाही.

लव्हॉननं पत्र दोनदा वाचलं. मग तिनं कॉफीचा कप बशीशिवाय टेबलावर ठेवला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे तिसऱ्यांदा घडलं.

"पंचेचाळीस मिनिटं?"

"फॉर्ममध्ये विचारलं होतं, किती चालता. तेवढं चालतो."

"ट्रॉलीवर लोंबकळत!"

"ट्रॉलीचा रकाना नव्हता."

"आणि दोन? ऑर्लिन, मागच्या आठवड्यात तू मोज्यापर्यंत पोचला नाहीस म्हणून एक पाय उघडा ठेवून बँकेत गेलास!"

"पण सेल्मरकाका..."

"सेल्मरकाकांचं नाव काढलंस तर पाचवं भांडं तुझ्या डोक्यावर पालथं घालीन."

खरी लाज तर भांड्यांची होती. ऑपरेशन न होता चार हॉटडिश खाल्लेला माणूस आमच्या गावच्या इतिहासात नव्हता. भांडी धुऊन परत करायची तर काय सांगून करायची? भांडी ओट्यावर रांगेत बसून राहिली, नावं वर करून.

मी कंपनीला फोन केला. वीस मिनिटं संगीत ऐकलं. मी बसून ऐकत होतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं त्यातही माझी प्रकृती उत्तमच. मग एक बाई आल्या. फार गोड बोलल्या.

"आकडा बदलायचा असेल तर डॉक्टरांची नवी भेट लागेल. ती ऑक्टोबरात मिळतेय. नाहीतर अपील करा. कागद फक्त फॅक्सनं पाठवायचे."

"फॅक्स आता कुणाकडे असतो हो?"

"आमच्याकडे आहे," बाई अभिमानानं म्हणाल्या.

गावात आणखी एकाकडे होता. व्हर्लिन ब्रेक्केकडे. त्याची बियाण्यांची मागणी त्यावरून जायची.

ज्या माणसाला माझा झारा हवा, त्याच्याच हातात मी माझ्या पाठीचे अकरा कागद दिले. लव्हॉननं सगळा दिवस बसून ते लिहिले होते: मोजा, बँक, पायऱ्या, बादली, सगळं. व्हर्लिननं चष्मा लावून एकेक कागद सावकाश वाचला. न वाचताही चाललं असतं.

"तू दोन सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"हं," व्हर्लिन म्हणाला. "मी दीड म्हटलं असतं." आणि कागद यंत्रात घातले.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. 'आपली अकरा पानं मिळाली. सर्व पानं कोरी आहेत. रुग्णास अधिक काही म्हणावयाचे नाही अशी नोंद घेतली आहे.'

व्हर्लिननं कागद उलटे घातले होते.

"तुझ्याबद्दल इतकं अचूक आजवर कुणी लिहिलं नव्हतं," लव्हॉन म्हणाली. पण तिचे डोळे हसत नव्हते. मी वहीत व्हर्लिनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. चौदा वर्षं फॅक्स चालवणाऱ्या माणसाला कागदाची बाजू कळत नाही? व्हर्लिन मात्र हातात टोपी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "ओशाळवाणं झालंय मला जरा." आमच्या भाषेत हे जमिनीवर लोळण घेण्यासारखं असतं, म्हणून प्रश्नचिन्ह मी पेन्सिलीचं केलं.

शेवटचा मार्ग उरला फोनवरच्या सुनावणीचा. कंपनीचा एक डॉक्टर पंधरा मिनिटं माझ्याशी बोलणार, आणि काय तो निकाल देणार. लव्हॉननं स्वयंपाकघरात तालमी सुरू केल्या.

"म्हण, मला फार दुखतं."

"मला दुखतं."

"फार!"

"बरंच."

"ऑर्लिन, तो माणूस तुला ओळखत नाही. तू मेलास तरी त्याला कळणार नाही."

"मग त्याला सांगून उपयोग काय?"

लव्हॉन खुर्चीत बसली. थोडा वेळ ती भांड्यांच्या रांगेकडे बघत राहिली. "तुला झारा हवाय, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला काय हवंय सांगू? दुकानातून घरी येतोस तेव्हा गाडीतून उतरण्याआधी तू पाच मिनिटं तसाच बसून राहतोस. मी खिडकीतून बघते. रोज. मला ती पाच मिनिटं नको आहेत."

मला वाटत होतं ती त्या वेळी कपड्यांच्या घड्या घालते.

सुनावणीला तिनं साक्षीदार म्हणून व्हर्लिनला बोलावलं. मी हरकत घेतली. माझं ऑपरेशन हुकलं तर झारा कुणाला जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण बादलीवर बसलेलं मला त्यानंच जवळून पाहिलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी डॉक्टर हालवर्सन," फोन म्हणाला. "बोला, मिस्टर फॉसे. पाठ कशी आहे?"

लव्हॉननं माझ्याकडे पाहिलं. व्हर्लिननं छताकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "तशी ठीक आहे."

टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ बसली. हिचा आकडा मी प्रामाणिकपणे चार लावला असता.

"डॉक्टरसाहेब," व्हर्लिन एकदम म्हणाला, "मी शेजारी. मी एकच सांगतो. गेल्या वर्षी चर्चच्या जेवणात, दुसऱ्या पंगतीला, हा बसला."

"बसले?"

"बादलीवर. लोकांसमोर. आणि झारा मला दिला." व्हर्लिननं शर्टाची कॉलर सारखी केली. "यंदा तो उभा राहिला नाही तर झारा मला मिळतो, साहेब. म्हणजे मी हे उगाच बोलत नाहीये."

मग डॉक्टर म्हणाले, "कसलं जेवण?"

"लुटफिस्क," मी म्हणालो.

फोनवर पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "मिस्टर फॉसे, मी शेजारच्या नॉर्थ डकोटातला, लुटफिस्कवरच वाढलोय. एक सांगा, तुमचा दहा कोण?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. मी सेल्मरकाकांची हकिकत सांगितली. यंत्र, पाऊण मैल, बूट, पुसलेली फरशी.

"आमच्याकडे आजी होती," डॉक्टर हळूच म्हणाले. "खुब्याचं हाड मोडलं होतं आणि दोन दिवस गाई पिळत होती. म्हणायची, जरा आखडल्यासारखं झालंय." कागद चाळल्याचा आवाज आला. "आता पुन्हा विचारतो. काकांना बाजूला ठेवा. पाठ कशी आहे?"

मी लव्हॉनकडे पाहिलं. गाडीतली पाच मिनिटं आठवली.

"तसं," मी म्हणालो, "फारसं बरं नाहीये."

व्हर्लिननं टेबलाची कड घट्ट धरली. लव्हॉननं तोंडावर हात ठेवला. असं वाक्य आमच्या घरात याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

"अरे देवा," डॉक्टर हालवर्सन म्हणाले. "इतकं? मंजूर करतोय मी."

ऑपरेशन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. मी त्याबद्दल फारसं सांगू शकत नाही, कारण त्या वेळी मी हजर नव्हतो. जागा झालो तेव्हा नर्सनं विचारलं, "शून्य ते दहा?" मी म्हणालो, "तीन." ती पलीकडच्या जिल्ह्यातली, ओल्सेन घराण्यातली, म्हणजे आमच्याच वळणाची होती. हातातला कागद टाकून ती डॉक्टरांना बोलवायला धावली. दुसऱ्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये चाललो. पाय पायांसारखे होते. पुढचे सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, वळायचं नाही; मी घरात लोखंडी खांबासारखा उभा राहायचो आणि लव्हॉन मला मोजे घालायची. भांडी मी ताठ मानेनं परत केली. आर्डिसनं नवी सहा पाठवली.

आणि नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला.

डॉक्टरांनी एकच अट घातली होती: जड हंडा उचलायचा नाही. ते व्हर्लिन करणार होता. झारा माझ्या हातात. पहिली पंगत बसली, मी उभा. तास झाला, मी उभाच. दुसऱ्या पंगतीला मासा लदलदला, मी नेमक्या क्षणी उचलला, आणि सहा-सात वर्षांत पहिल्यांदा त्या हंड्यापाशी कंबर पूर्ण सरळ करून मान वर केली.

स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल यांच्यामध्ये वाढपाची खिडकी आहे. वाकलेल्या माणसाला तिच्यातून फक्त ताटं आणि हात दिसतात. सरळ माणसाला अख्खा हॉल दिसतो.

लोक मीटबॉल खात होते. आर्डिसचे मीटबॉल, ज्यांना मासा चालत नाही अशा पाहुण्यांसाठी म्हणून ते ठेवतो. चौथ्या टेबलावर आमच्या चर्चच्या धर्मगुरू, पास्टरबाई, माशाचा तुकडा कुस्करलेल्या बटाट्याखाली पुरत होत्या. पुरण्याचा सराव त्यांना असतोच. बँकेतला माणूस ताट शेजाऱ्याकडे सरकवत होता आणि शेजारी ते परत सरकवत होता. लव्हॉन, माझी लव्हॉन, हातरुमालात काहीतरी गुंडाळून पर्समध्ये टाकत होती, इतक्या सहजपणे की ही पहिली वेळ नव्हे हे उघड होतं. आवडीनं खाणारी पिढी होती, नाही असं नाही. पण त्यांच्या प्रत्येकाच्या मयतीला मी गेलो होतो, कॉफी प्यायलो होतो, आणि सदतीस वर्षं काट्यावर बसूनही ती वजाबाकी मी केली नव्हती.

तेवढ्यात पास्टरबाईंनी मला पाहिलं. त्यांनी काटा उंचावला. "वाईट नाही, ऑर्लिन!" त्या ओरडल्या. सगळा हॉल वळला. "वाईट नाही! वाईट नाही!"

मी हात हलवला. शेजारी व्हर्लिन पुढचा हंडा घेऊन उभा होता. त्यानं माझी नजर कुठे गेलीय ते पाहिलं आणि हंड्यात बघायला लागला.

"व्हर्लिन," मी म्हणालो, "मासा खातात किती जण?"

"खातात की."

"दहापैकी किती?"

व्हर्लिननं बराच विचार केला. तो भला माणूस आहे. चौदा वर्षं तो त्या झाऱ्याकडे का बघत होता, ते मला आत्ता कळलं: न खाल्लेला मासा माझ्या नव्हे, त्याच्या नावावर लागावा म्हणून.

"दोन," तो म्हणाला.

म्हणजे दीड. अर्धा त्यानं मला बरं वाटावं म्हणून वाढवला होता.

मी झारा सरसावला आणि पुन्हा हंड्यावर वाकलो, खिडकीतून फक्त ताटं आणि हात दिसतील इतका. पाठीचा काही संबंध नव्हता.